दोन किलो

मासे तोलायचा काटा क्लचच्या लिव्हरला अडकवून ओढला:
नऊ किलो.
मग तोच काटा झोर्काच्या डाव्या हातात दिला.
ओढता ओढता तिच्या कपाळावरची शीर वर आली,
सुई दोनवर थरथरली आणि परतली.
"दोन लिही," ती म्हणाली,
"मला बरं वाटावं म्हणून सव्वादोन नको."

लाकडं फोडायच्या यंत्रानं मनगटातल्या नसा नेल्या,
गेल्या डिसेंबरात.
बोटं पाचही जागच्या जागी आहेत,
फक्त निरोप पोचत नाही.
तीस वर्षं बोवेत्सच्या शाळेत तिनं पोरांना जेवू घातलं
आणि दर शनिवारी ही लाल गाडी घेऊन
व्र्शिचचा घाट चढली,
पन्नास वळणं, प्रत्येकावर आकड्याची पाटी.
वय विचारलं तर सांगते,
"घाट संपून वर नऊ."

क्लचचा कायदा मुळातच उलटा:
आवळलं की सुटतं,
सोडलं की धरतं.
शिकाऊ पोरांना हे मी पहिल्या दिवशी सांगतो.
ज्या हाताला आवळताच येत नाही
त्याला इंजिन कधी सोडतच नाही,
हे मात्र कधी सांगावं लागलं नव्हतं.

आधी इंजिनकडचा दांडा लांब केला.
जोर निम्मा लागला, पण सरकही निम्मी झाली;
प्लेटा पुरत्या विलग होईनात,
पहिला गिअर टाकताच गाडी
दाव्याला बांधलेल्या वासरासारखी हिसके देत पुढे.
मग क्लच उजवीकडे नेला, ब्रेकच्या डोक्यावर.
रेस, ब्रेक, क्लच, सगळं एकाच हातात.
झोर्का अंगणात तीन फेऱ्या मारून आली.
"एका हातानं ढवळणं, वाढणं आणि पोरं दटावणं जमायचं मला.
पण स्वयंपाकघराला उतार नव्हता."

टिने, माझ्या हाताखालचा पोरगा, म्हणाला,
ऑटोमॅटिक स्कूटर घ्या म्हणावं.
मी त्याला नट निवडायला बसवलं.
आणि रविवारी तेच सांगायला तिच्या घरी गेलो,
टोपी हातात, वाक्य तोंडात तयार.

दार उघडंच होतं. ओट्यावर पोतित्साची कणीक,
बाजूला कुटलेले अक्रोड.
उजव्या हातानं ती गोळा फिरवत होती
आणि डावा तळहात, बोटं वर, पिठाळ, कुठल्याच कामात नसलेली,
खांद्यापासून सगळं अंग घालून
रेटत होती.
ओटा करकरत होता.

वाक्य गिळलं.
"बटाट्यांचा काटा कुठंय?"
तिनं पिठासकट तळहात काट्यावर टेकला, रेटला.
एकोणीस.
"अजून रागावलेही नाहीये मी," ती म्हणाली.

सहा आठवडे आम्ही दोघंही बोटंच मोजत बसलो होतो.

लिव्हर मुठीच्या मागे घेतला, तिच्याकडे तोंड करून.
कलथ्याएवढं रुंद पान, वर जुन्या बुटाचं चामडं.
केबल वळवायला
गवत कापायच्या यंत्रातली कप्पी.
टिनेनं ती रात्रभर रॉकेलमध्ये ठेवली,
मला न सांगता.

तपासणीचा साहेब दोन बोटांनी दाबून बघत राहिला.
"हे कुणाच्या हाताला जमणार?"
झोर्कानं कोट काढला, बसली,
तळहाताची टाच पानावर ठेवली
आणि गाडी त्याच्या बुटांपासून वीतभर अंतरावर
कोंबडीच्या चालीनं नेली,
थांबवली, पुन्हा नेली.
त्यानं शिक्का शोधायला खिसे चाचपले.
शिक्का टेबलावरच होता.

ऑक्टोबरात ती परत आली.
कप्पीपाशी केबलच्या सात तारा तुटलेल्या,
टोकं मिशांसारखी वर.
टिने म्हणाला, माल वाईट लागला.
मी म्हटलं, मोज की
एक तार तुटायला किती वळणं लागतात.

नवी केबल घातली.
"त्या दगडी वळणांवर जरा उशिरा धरतो," ती म्हणाली.
मी पाव फेरी दिली.
ती बसली, रेटलं, हळूच सोडलं,
डोळे मिटून ऐकलं.
"अजून थोडं."